बंद ट्रेलरमध्ये गाडी बांधताना चाकं जखडा, बॉडीला मोकळं सोडा

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांची १९८९ची, नुकताच नवीन रंग केलेली प्रीमियर पद्मिनी गिरगावातून नाशिकला न्यायची आहे. रॅलीची गाडी नेण्यासाठी मित्राने बनवून घेतलेला बंद ट्रेलर मिळतोय. त्याच्या तळाला प्लायवूड आहे आणि चार कोपऱ्यांत चार कड्या आहेत. एक मेकॅनिक म्हणतो, बंपरच्या ब्रॅकेटला पट्टे लावा आणि स्प्रिंगा पार बसेपर्यंत गाडी खाली ओढा. दुसरा म्हणतो, पहिला गिअर, हँडब्रेक आणि चाकांना उट्या, म्हणजे अडवायच्या पाचरी, बास. यातलं कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही ऐकू नका. जुन्या गाड्या बंद बॉडीतून ने-आण करणं हेच माझं काम आहे. गाडीचं नुकसान झालेलं मी पाहिलंय ते बहुतेक वेळा पट्टा तुटून नव्हे, तर तो चुकीच्या जागी बांधल्यामुळे. त्यात ट्रेलर बंद असला की धोका वाढतो, कारण उघड्या ट्रेलरवरची गाडी सरकली तर आरशात दिसते, बंद ट्रेलरमध्ये काहीच दिसत नाही. पद्मिनी जेमतेम दीड मीटर रुंद. आतून दोन मीटरचा ट्रेलर धरला तर दोन्ही बाजूंना पाव-पाव मीटर जागा उरते. तेवढं सरकून गाडीचा पंखा, म्हणजे चाकावरचं मडगार्ड, पत्र्याला घासायला लागला तरी ओढणाऱ्या गाडीत बसलेल्याला ते नाशिकला दार उघडल्यावरच कळणार.

आधी दुसऱ्या मेकॅनिकचं बघू. गिअर आणि हँडब्रेक चाकाला फिरू देत नाहीत, पण न फिरता घसरण्यापासून किंवा उडण्यापासून ते चाकाला अडवू शकत नाहीत. ट्रेलर स्पीडब्रेकरवरून उतरतो तेव्हा क्षणभर टायरवरचा भार हलका होतो आणि टायरची तळावरची पकड तिथेच सुटते. नुसती ठेवलेली उटीही त्याच धक्क्याला उडून बाजूला पडते. उटी लावायचीच, पण ती स्क्रूने तळाला पक्की केलेली हवी, आणि तिच्याकडून अपेक्षा दुसऱ्या फळीचीच ठेवायची. हँडब्रेकही ओढा, पण गाडी ट्रेलरमध्येच चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर पोहोचल्यावर सोडून ठेवा. आपल्या दमट हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात.

पहिल्याचा सल्ला जास्त धोक्याचा आहे, कारण तो ऐकायला पटतो. गाडीची बॉडी स्प्रिंगांवर तरंगते. तुम्ही बॉडीला पट्टा लावून ताणला की उभ्या ट्रेलरमध्ये तो तारेसारखा ताठ दिसतो. रस्त्यावर खड्डा आला की बॉडी खाली दबते, पट्टा ढिला पडतो आणि उघडा हूक कडीतून निसटायला तेवढा क्षण पुरतो. निसटला नाही तर बॉडी वर येताना पट्ट्याला हिसका बसतो. भाऊच्या धक्क्याला बांधलेल्या लाँचचा दोर बघा: लाटेबरोबर आधी लोंबतो, मग एकदम कडक होऊन खाडकन ओढला जातो. तसे हिसके नाशिकपर्यंत बसणार, आणि ते झेलणार पस्तीस वर्षं जुना पत्रा.

स्प्रिंगा पार बसेपर्यंत ओढल्या तर हिसका कमी होतो हे खरं आहे. रेसच्या गाड्या काही जण तशा बांधतात, पण त्यांच्या स्प्रिंगा मुळात कडक असतात आणि बॉडीला बांधण्यासाठी जाड प्लेटचे हूक मुद्दाम वेल्ड केलेले असतात. पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. गिरगावात वर्षानुवर्षं खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचा खालचा पत्रा रंगाखाली किती उरलाय हे बाहेरून दिसत नाही. बंपरचं ब्रॅकेट बंपर धरण्यासाठी आहे, गाडी धरण्यासाठी नाही. माझ्या शेडमध्ये अशीच बांधून आणलेली एक जुनी फियाट आली होती. तिचा मागचा बंपर एका बाजूने बोटभर खाली आला होता आणि ब्रॅकेटच्या बोल्टाभोवती पत्रा ताणून फाटला होता. क्रोमला ओरखडा नव्हता, त्यामुळे मालकाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

म्हणून नियम असा: स्प्रिंगच्या खालचा भाग तळाला जखडायचा. म्हणजे चाक किंवा ॲक्सल. मग वर बॉडी हवी तशी डुलू द्या, पट्ट्याचा ताण बदलत नाही. स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर रस्त्यावर जे काम करतात तेच ट्रेलरमध्येही करत राहतात.

पद्मिनीचा मागचा भाग या बाबतीत सोपा आहे. मागे एकसंध ॲक्सल आहे आणि तो पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगांवर बसलेला आहे. गोणपाट टाकून खाली झोपा आणि टॉर्च मारा. ॲक्सलची नळी, तिच्यावर यू-बोल्टांनी आवळलेले पाटे आणि बाहेर ड्रमची प्लेट दिसेल. पाटे आणि ड्रम यांच्यामध्ये नळीचा जो मोकळा तुकडा आहे तिथे ॲक्सलचा पट्टा गुंडाळायचा. ॲक्सलचा पट्टा म्हणजे दोन टोकांना कड्या आणि मधे जाड कापडी खोळ असलेला आखूड पट्टा. पण त्याच नळीवरून ब्रेकचा बारीक पाइप गेलेला असतो. तो आधी बोटाने चाचपा. पट्टा पाइपच्या आतून, म्हणजे पाइप आणि नळी यांच्यामधून सरकवता येतो का बघा. येत नसेल तर दोन बोटं इकडेतिकडे जागा बदला, पण पाइप पट्ट्याखाली दाबू नका. दाबला गेला तर आज काही जाणवणार नाही, महिन्याभराने पेडल खोल जाईल. मधल्या रबरी होजच्या जवळपासही पट्टा नको. सायलेन्सरचा पाइप कुठून गेलाय तेही बघून ठेवा. गाडी स्वतःच्या इंजिनावर चढवली असेल तर तो गार होईपर्यंत पट्टा बांधायची घाई करू नका. पॉलिस्टरचा पट्टा साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंतच वापरायचा असतो.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. आर्म, कॉइल स्प्रिंग, स्टिअरिंगचे रॉड आणि ब्रेकचे होज, सगळं एकाच जागी दाटीने बसलंय. तिथे आर्मला पट्टा अडकवण्यापेक्षा टायरवरून जाणारा पट्टा घ्या. तो चाकाच्या पुढच्या कडीतून निघतो, टायरच्या पाठीवरून जातो आणि चाकाच्या मागच्या कडीला रॅचेटने, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या दातेरी बकलने आवळला जातो. त्यावर रबराचे सरकते ठोकळे असतात, त्यामुळे तो टायरच्या खाचांवर बसतो आणि बाजूला घसरत नाही. चाक पुढे, मागे, बाजूला आणि वर अशा चारही दिशांना धरलं जातं. पट्टा रिमला किंवा व्हीलकपला लागत नाही, त्यामुळे पॉलिशही शाबूत राहतं. फक्त पंख्याची कड आणि टायर यांच्यामध्ये पट्ट्याला पुरेशी जागा आहे ना ते हात घालून बघा. गाडी दबली की ती जागा कमी होते, म्हणून बकल तिथे येऊ देऊ नका. मागच्या चाकांवर पंखा खालपर्यंत आलेला असल्याने तिथे टायरवरचा पट्टा घालणं अवघड जातं. म्हणूनच मागे ॲक्सल म्हटलं.

पण यासाठी पुढच्या चाकांच्या रेषेत कड्या लागतील, आणि मित्राच्या ट्रेलरला फक्त कोपऱ्यांत आहेत. चार कड्या वाढवून घ्या. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, आणि या सगळ्या प्रकरणात पैसे कुठे घालायचे असतील तर इथेच घाला. प्लायवूडला चार बोल्ट मारून कडी बसवली तर ती कडी नुसती शोभेची. एका ट्रेलरच्या तळाखाली वाकून बघताना मला दिसलं होतं: कडीच्या बोल्टांना खाली रुपयाएवढे वॉशर होते आणि ते अर्धे प्लायमध्ये रुतले होते. प्लायचे थर भिजून सुटले होते, वरून मात्र कडी घट्टच वाटत होती. कडी तळाखालच्या लोखंडी चॅनलला धरलेली पाहिजे. चॅनल नेमका त्या जागी नसेल तर खालून दोन चॅनलना जोडणारी जाड पट्टी वेल्ड करा आणि ८.८ ग्रेडचे बोल्ट तिच्यातून घ्या. नट लॉकवाले, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले. मित्राच्या चारही जुन्या कड्या याच नजरेने खालून तपासा, वरून बघून काही कळत नाही. आणखी एक: कडीवर लिहिलेली क्षमता सहसा सरळ ओढीची असते. तिरकी ओढ बसली की बऱ्याच कड्यांची ती क्षमता कमी होते, म्हणून आकड्याच्या काठावर राहू नका.

आता पट्टे. मुंबईत हार्डवेअरच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला गेलात की दुकानदार ‘पाच टनाचा पट्टा’ म्हणून समोर ठेवेल. त्याला विचारा, पाच टन कामाचे की तुटायचे? युरोपीय पद्धतीच्या लेबलवर ‘एलसी’ असा आकडा असतो, तो सरळ ओढीत किती भार द्यायचा त्याचा. पट्टा तुटण्याचा आकडा त्याच्या दुप्पट. अमेरिकी पद्धतीत कामाचा भार तुटण्याच्या आकड्याच्या एक तृतीयांश धरतात. म्हणजे तोच ५० मिलिमीटर रुंद पट्टा कुणी पाच टनाचा म्हणेल, कुणी अडीचचा, कुणी दीडचा. तुम्ही दीड धरून चाला. आकडा डेकान्यूटनमध्ये असेल तर एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा भार. लेबलच नसेल तर तो पट्टा परत ठेवा. दारूखान्यात जहाजांच्या भंगारातले शॅकल आणि हूक स्वस्त मिळतात आणि दणकट दिसतात, पण त्यांनी आजवर काय सोसलंय ते कुणालाच माहीत नसतं. या कामाला ते घेऊ नका. कापड पॉलिस्टरचंच घ्या, नायलॉन ताणला जातो. आणि हूकला सुटू न देणारी पट्टी, म्हणजे लॅच असलेला घ्या.

ताकद किती लागते याचा हिशेब सोपा आहे. माल बांधण्याचे युरोप-अमेरिकेतले नियम धरतात की जोरदार ब्रेक लागला तर वजनाच्या ०.८ पट बळ पुढे ढकलतं, आणि बाजूला व मागे ०.५ पट. पद्मिनी ९०० किलोच्या आसपास. म्हणजे पुढे ७२०, बाजूला आणि मागे ४५०. मागचे दोन पट्टे तळाशी ४० अंशांचा कोन करून, आणि एकमेकांना छेदत ३० अंश तिरके बांधले, तर प्रत्येकाच्या ताकदीचा साधारण दोन तृतीयांश भाग सरळ मागे ओढायला उपयोगी पडतो. दीड टनाचे दोन पट्टे म्हणजे सुमारे दोन टन, पुढच्या चाकांचे पट्टे वेगळेच. भरपूर झालं. पण मोटरसायकल बांधायचे २५ मिलिमीटरचे, ५०० किलो कामाचे पट्टे वापरलेत तर दोघांचे मिळून ६६० किलोच उरतात, म्हणजे ७२०लाही पुरत नाहीत. तोच ५० मिलिमीटरचा पट्टा जवळजवळ उभा बांधला तर तो गाडी खाली दाबेल, मागे मात्र धरणार नाही. म्हणून पट्टा आडवाच हवा, तळाशी ३० ते ४५ अंशांत.

मागचे पट्टे छेदायचे, म्हणजे ॲक्सलच्या डाव्या टोकाचा पट्टा उजव्या कोपऱ्याला आणि उजव्याचा डाव्याला. त्यामुळे गाडीची शेपटी बाजूला जात नाही. छेदतात तिथे पट्टे एकमेकांना घासणार असतील तर मध्ये जाड कॅनव्हासचा तुकडा घाला. पत्र्याच्या धारदार कडेवरून पट्टा नेऊच नका. आणि लांबी कमी करायला गाठ मारायची नाही. गाठीपाशी पट्ट्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

चढवायची वेळ आली की ट्रेलर आधी ओढणाऱ्या गाडीला जोडलेला असू द्या, आणि ट्रेलरच्या मागच्या कडेखाली टेकू लावा. सुटा ट्रेलर असेल तर गाडीची पुढची चाकं फाळक्यावर, म्हणजे चढायला खाली टेकवलेल्या मागच्या दारावर येताच त्याचं तोंड वर उचललं जातं. विंच, म्हणजे वायरने गाडी आत ओढणारं यंत्र, असेल तर उत्तम, पण वायर ताणलेली असताना तिच्या रेषेत आणि चढत्या गाडीच्या मागे कुणी उभं राहायचं नाही. घरची पोरंटोरं हौसेने ढकलायला येतात, त्यांना लांब ठेवा. स्टिअरिंगवर कुणी बसणार असेल तर काच खाली असू द्या. भिंत जवळ असल्याने दार उघडलं नाही तर तेवढाच मार्ग राहतो. बांधून झाल्यावर विंच ढिली सोडा. विंच गाडी ओढायला आहे, प्रवासात धरून ठेवायला नाही.

गाडी नेमकी कुठे थांबवायची, हे ट्रेलरच्या तोंडावर किती भार पडतो त्यावर ठरतं. बॉल हिचवाल्या, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या गोळ्यावर अडकणाऱ्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तोंडावर असला की तो सरळ चालतो. कमी असला तर वेगात शेपूट झुलायला लागते, आणि एकदा झुलायला लागली की आवरणं कठीण. ट्रेलर आणि गाडी मिळून दोन टन असतील तर २०० किलो तरी हवेत. एखाद्या वजनकाट्यावर ट्रेलरच्या तोंडाखालचं फक्त छोटं टेकूचं चाक प्लेटवर ठेवून हे मोजता येतं, काटेवाला आधी चक्रावतो, पण मोजून देतो. ओढणाऱ्या गाडीचा हिच तेवढा भार घेऊ शकतो का, तेही त्याच वेळी बघा. जागा ठरली की तळावर रंगाने खूण करा.

पट्टे आवळताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सुटलेला, उट्या मात्र लावलेल्या. चारही पट्टे थोडे थोडे, आळीपाळीने आवळा, म्हणजे ताण सारखा वाटला जातो. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर गाडी एका बाजूला खेचली जाते. रॅचेटच्या रिळावर पट्ट्याचे दोन-तीन वेढे बसले पाहिजेत. एकच असेल तर सरकतो, फार झाले तर रॅचेट अडकतं. हाताच्या जोराने येईल तेवढा ताण पुरे. दांड्याला पाइप लावून जोर करू नका, त्याने रॅचेटचे दाते आणि कडी दोन्ही बिघडतात. पट्ट्यावर हात आपटला की तो टणटणीत वाटावा, बास. मग दांडा पूर्ण बंद, उरलेलं टोक गुंडाळून बांधलेलं, पहिला गिअर, हँडब्रेक.

बंद ट्रेलरमध्ये पेट्रोलचा वास कोंडतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तो येणारच, म्हणून टाकीत नाशिकला उतरल्यावर पंपापर्यंत पोहोचण्यापुरतंच पेट्रोल ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, ट्रेलरच्या जाळ्या उघड्या ठेवा. डिकीतली स्टेपनी आणि जॅक बांधा. गाडीवर कव्हर घालू नका. चालत्या ट्रेलरमध्ये ते फडफडतं आणि त्याखालची धूळ रंगावर पॉलिशपेपरसारखी घासते. तुम्ही नवीन रंग केलाय म्हणून मुद्दाम सांगतो.

रस्त्याचं म्हणाल तर सगळे कसाऱ्याच्या घाटाची भीती घालतात. वीस मीटरला एक मीटर चढ धरला तरी गाडीला मागे ओढणारं बळ ४५ किलोच्या आसपास, तुमच्या पट्ट्यांना ते काहीच नाही. खरा मार बसतो तो घाटाच्या आधी: ईस्टर्न एक्स्प्रेसवर अचानक आडवी येणारी रिक्षा, माजिवड्याच्या पुढची कोंडी, भिवंडी बायपासचे खड्डे. म्हणून पहिली तपासणी लवकर, ठाणं ओलांडल्यावर पहिला मोकळा पेट्रोल पंप दिसेल तिथे. सुरुवातीच्या धक्क्यांत टायर आणि पट्टे आपापली जागा घेतात आणि एखादा पट्टा हमखास अर्धा दाता ढिला झालेला सापडतो. दुसरी तपासणी शहापूरच्या आसपास. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाला, त्याने गेलात तर घाटाची वळणं टळतात. त्या वाटेला शहापूरऐवजी आमण्यालाच, महामार्गावर चढण्याआधी, पट्टे बघून घ्या. वेग मात्र तिथेही आवरा, बंद ट्रेलरच्या उंच भिंतीवर वाऱ्याचा जोर चांगलाच लागतो. तपासताना नुसता टॉर्च मारून परत येऊ नका. आत जा, प्रत्येक पट्ट्याला हात लावा, प्रत्येक हूक कडीत बसलाय ना बघा, आणि टायर खुणेवर आहे का ते पाहा.

उतरवताना ट्रेलर सपाट जागी, ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच, मागे टेकू. आधी विंचची वायर लावून हलकी ताणा, मग पट्टे सोडा, उट्या सगळ्यात शेवटी. रॅचेट सोडताना चेहरा बाजूला ठेवा, दांडा झटक्याने येतो. पावसात गेला असाल तर पट्टे सावलीत वाळवूनच गुंडाळा आणि रॅचेटच्या दात्यांना तेलाचा एक थेंब द्या, कापडाला नको.